वेटिंग

मुरगावच्या धक्क्यावर उतरलो
आणि हे बस क्रमांक सातमध्ये जाऊन बसले.
छातीवर पिवळा स्टिकर, डोक्यावर जहाजाची फुकट टोपी,
मसाल्याची बाग, दोन देवळं, दोन चर्चं,
शिवाय जेवण पैशांत धरलेलं.
मी म्हटलं, तुम्ही जा.
गाईडच्या छत्रीवर नजर ठेवून चाळिसांत चालणं
मला नाही जमत. बँकेत बत्तीस वर्षं
मी रांगेच्या अलीकडच्या बाजूला होते.

गेटबाहेर टॅक्सीवाल्यांचा गलका.
त्यांत एकच जण ओरडत नव्हता.
नाव दस्तगीर. ओठांवर कोरडी पांढरी रेघ.
कुठं न्यायचं, बाय?
विचारलं, गिऱ्हाईक नसतं तर तुम्ही कुठं गेला असता?
घरा, म्हणाला. न्हिदूंक.
मग मला कळलं नसावं असं वाटून
मराठीत पुन्हा: झोपायला. रोजा आहे,
पहाटे चारचा उठलोय.

उजवीकडे कोळशाचे ढीग, हिरव्या जाळीखाली.
वास्कोच्या बाजारात एक पोरगा
कलिंगडांवर पाणी मारत होता,
त्यांचं गिऱ्हाईक संध्याकाळी यायचं होतं.
मार्चचं ऊन काचेतून मांडीवर.
माझी बाटली मी ओढणीखाली धरली होती,
परीक्षेत चिठ्ठी धरावी तशी
(मी कधी धरली नाही. मैत्रिणीची सांभाळली होती).
आरशातून तो म्हणाला, प्या की.
तुम्ही प्यायल्यानं माझा रोजा सुटत नाही.
तरी नाही प्याले.

सांकवाळला एक चर्च आहे,
म्हणजे चर्चचं तोंड आहे.
खांब, कोनाडे, नक्षी, दार.
दारातून आत गेलं की गवत,
आणि पुन्हा बाहेरच.
ही त्याची दुपारची जागा.
झाडाखाली गाडी लावली, सीट मागे पाडली,
वीस मिनिटं चालतील? एवढं विचारलं
आणि उत्तराआधीच झोपला.
एक पाय दाराबाहेर, चप्पल खाली, पालथी.

झोपलेला पुरुष जवळून मी आयुष्यात एकच पाहिलाय,
आणि तो घोरतो.
हा घोरत नव्हता. फक्त गळ्याची घाटी
एकदा वर गेली, खाली आली.
कोरडंच गिळलं त्यानं.
तेव्हा मी त्या दारातून पलीकडे गेले
आणि भिंतीआड उभी राहून
अर्धी बाटली प्याले, घटाघटा,
आवाज होऊ नये म्हणून डोळे मिटून,
जणू आवाज डोळ्यांनी होतो.

विसाची पन्नास मिनिटं झाली.
उठून त्यानं आधी घड्याळ पाहिलं, मग मला.
जहाजाची वेळ साडेपाच,
त्याची पावणेसात.
मधल्या सव्वा तासाबद्दल
आम्ही दोघंही बोललो नाही.
चिखलीच्या चढावर त्यानं एवढंच विचारलं,
बोटीवर झोप लागते का?
म्हटलं, पहिल्या रात्री नाही लागली.

गेटवर पैसे देताना मी वेटिंगचे धरले होते.
मोजून तेवढे त्यानं परत केले.
झोपेचे लावत नाही, बाय.

वर ह्यांनी फोटो दाखवले.
वेलची फांदीला नाही, बुंध्याशी लागते,
तुला माहीत होतं?
नव्हतं.
तू काय पाहिलंस?
एक दार, म्हटलं.
कशाचं, विचारायला त्यांनी तोंड उघडलं,
तेवढ्यात बुफे सुरू झाल्याची घंटा झाली
आणि ते प्लेट घ्यायला पळाले.

मी कठड्याशी. किनारा बोटभर उरलेला,
दिवे लागलेत की नाहीत ते कळेना.
बांग इतक्या लांब येत नाही.
बाटलीच्या तळाशी दोन घोट, कोमट.
सव्वासहा. साडेसहा.
सूर्य पाण्याला टेकला, तरी मी घड्याळच बघत होते.
खलाशी आला, म्हणाला,
मॅडम, आत जेवण चालू झालंय.
हो, म्हटलं, थांबलेय.